आजचं वर्तमान काय?

बांद्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आपल्याकडे दोघी भेटल्या की विचारतात, "काय गो, खबर काय?" जुन्या मराठीत याच अर्थानं एक शब्द होता : वर्तमान. आज वर्तमान म्हटलं की शाळेतला वर्तमानकाळ आठवतो. पण पेशव्यांच्या काळच्या पत्रांतून ‘इकडील वर्तमान’ म्हणजे इकडची बातमी. म्हणूनच बातम्यांचा कागद तो वर्तमानपत्र. आपल्या ख्रिस्ती शेजारणींच्या मराठी बायबलात ‘शुभवर्तमान’ आहे, म्हणजे चांगली बातमी. तिथे जुना अर्थ अजून जिवंत आहे.

१८२८ साली मुंबईत निघालेल्या पत्राचं नावच ‘मुंबापूर वर्तमान’ होतं. मग ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ निघालं. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याच जिल्ह्यातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. तेव्हा ते विशीच्या आसपासचे. दर्पणात एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असे.

गंमत बघा. त्या काळी विलायतेची बातमी शिडाच्या जहाजातून, आफ्रिकेला वळसा घालून यायची. चार-पाच महिने लागायचे. तरी तिला वर्तमानच म्हणत! म्हणून बातमी कुठली आणि कोणत्या तारखेची, हे कळल्याशिवाय तिचा उपयोग नसे.

हे आज का सांगतोय? गेल्या पावसाळ्यात आमच्या गटात मोबाईलवर मेसेज फिरला : महिला गटांचं कर्ज माफ झालं. खाली तारीख नाही, कोणी काढला ते नाही. एकीनं दुसरीला सांगितलं, "हप्ते माफ झाले म्हणतत, आता भरू नको गो." आम्ही तिघींनी दोन महिने हप्ता भरला नाही. मेसेज खोटा निघाला. वेळेवर फेडलं की व्याजात जी सवलत मिळते, ती गटाची अडकली. भरणाऱ्या सात जणींनी आमच्याशी बोलणं टाकलं. पैसे हळूहळू भरून आले, पण बैठकीत पुन्हा एका चटईवर बसायला त्याहून जास्त दिवस गेले.

तेव्हापासून आम्ही एक रीत पाडली आहे. बैठकीत कोणी बातमी आणली की तिला तीन गोष्टी विचारायच्या : कुठून आली? कोणत्या तारखेची? कोणी स्वतः पाहिली की नुसती ऐकली? पैशाची बातमी असेल तर दोघींनी बँकेत जाऊन विचारून यायचं. तोवर हप्ता चालूच. मग जे खरं ठरेल ते वहीत लिहायचं.

त्या वहीला आपण काय म्हणतो? इतिवृत्त. वृत्त, वार्ता, वर्तमान हे सगळे शब्द एकाच धातूचे. म्हणजे दर महिन्याला इतिवृत्त लिहिणारी आपली सचिवही बातमी लिहिणारीच झाली. तिनं तारीख, ठिकाण आणि सांगणारीचं नाव घातलं, तर उद्या भांडण झालं तरी वही खरं बोलेल.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वही उघडाल तेव्हा आधी विचारा : आजचं वर्तमान काय, आणि ते कोणी पाहिलं?

येवा, भेटूया. नमस्कार.