चित्रकथेतून लसीचा धडा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मुलांच्या आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, हा मी माझा गौरव समजतो. मी डॉक्टर नव्हे. जन्मभर खडू-फळ्याशी संबंध आलेला एक मॅट्रिक शिक्षक आहे. म्हणून औषधाविषयी न बोलता, त्याचे ज्ञान मुलांच्या मनात कसे उतरवावे याविषयी बोलतो.

लसी तान्ह्या बाळांसाठीच असतात, असा आपल्या घरोघरी समज आहे. वस्तुतः राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात धनुर्वात व घटसर्प यांवरील लस दहाव्या व सोळाव्या वर्षीही सांगितलेली आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूवरील लस नऊ ते चौदा या वयात देणे श्रेयस्कर. कारण त्या विषाणूशी संबंध येण्यापूर्वीच ती टोचावी लागते. पण हे वय अडचणीचे. तान्हे मूल प्रश्न विचारीत नाही. चौदा वर्षांची मुलगी विचारते. मग वडील वर्तमानपत्र उघडतात आणि आई स्वयंपाकघरात जाते. हे मौन मुलीस पुढे फार महाग पडू शकते.

येथे चित्रकथा साहाय्यास येते. कित्येक पालक तिला पोरखेळ मानतात. परंतु जे सांगताना आपली जीभ अडखळते, ते चौकटीतील दोन पात्रे सहज बोलून जातात. आणि मूल ते एकांतात, पुन्हा पुन्हा वाचू शकते. शिवाय लसीचे कार्य डोळ्यांना दिसत नाही. पोलीस चौकीत चोराची तसबीर लावतात, तद्वत् लस शरीराच्या रक्षकांस शत्रूची ओळख अगोदरच करून देते, हे चार चौकटींत जसे उमगते तसे चार पानांच्या व्याख्यानाने उमगत नाही.

मात्र चित्र हे दुधारी शस्त्र आहे. गाईंच्या देवीपासून मिळणारी जेन्नरची लस नवी असताना, जून १८०२ मध्ये, लंडनच्या जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने एक चित्र प्रसिद्ध केले. लस टोचून घेणाऱ्यांच्या नाकातोंडांतून व दंडांतून गाई बाहेर पडत आहेत, असे ते चित्र! त्याच महिन्यात, १४ जूनला, आपल्या मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस तीच लस टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लस होय. तिच्या दंडावरून ती पुढे इतर मुलांस मिळाली. १९८० मध्ये देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. भीती चित्राने पसरत असेल, तर सत्यानेही चित्राचा आश्रय का करू नये?

त्यासाठी तीन पथ्ये पाळावीत. पहिले, शंका घेणारे पात्र मूर्ख दाखवू नये. वाचणाऱ्या मुलाच्या मनात तीच शंका असते. दुसरे, त्रास लपवू नये. दंड दुखतो, ताप येतो, या वयात क्वचित भोवळही येते. म्हणून लस टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, तेव्हा त्यांनाही ताप चढला होता. हे सांगितल्याने विश्वास घटत नाही, वाढतो. तिसरे, चित्रकथा छापण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

माझी मंडळास नम्र सूचना अशी की, इयत्ता आठवी ते दहावीच्या आपल्या मुलामुलींस सहा चौकटींचा कागद द्यावा आणि लसीची कथा त्यांच्याकडूनच काढवून घ्यावी. चित्र काढण्यापूर्वी मूल विषय समजून घेतेच. निवडक चित्रकथा पुढील स्मरणिकेत छापाव्यात. म्हणजे त्या घराघरांत पोहोचतील, आणि आजीलाही नातीकडून चार गोष्टी कळतील.

आणि पालकांनो, आज घरी गेल्यावर मुलांचे लसीचे कार्ड शोधून काढा. दहाव्या व सोळाव्या वर्षाचे रकाने कोरे असतील, तर सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. मुलीच्या लसीविषयी डॉक्टरांशी निःसंकोच बोला. हुंड्यापायी आणि मानपानापायी आपण पुष्कळ खर्च केला. मुलीच्या आयुष्यासाठी थोडा संकोच खर्ची घालण्यास काय हरकत आहे?