घरीच उतरवा



फोनवर ओळख झालेली माणसं आता शनिवार-रविवार साधून एकमेकांना समोरासमोर भेटू लागली आहेत, आणि त्यांतली काही आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातही येतात. कुणाचे पणजोबा शिंदेसरकारच्या चाकरीत होते, कुणाची आई जीवाजीगंजात वाढली, कुणी चिटणीस की गोठमध्ये लहानपणी लगोरी खेळलेला. २०२०च्या टाळेबंदीत अशा विखुरलेल्या मंडळींचे व्हॉट्सअ‍ॅपवर गट झाले. पुणे, नागपूर, इंदूर, अगदी अमेरिकेतूनही माणसं जोडली गेली. जुने फोटो आले, वंशावळी आल्या, आमटीच्या पाककृती आल्या. आता त्यांना भेटायचं आहे. फार चांगलं आहे. माझं सांगणं एकच, ते आधीच सांगून टाकते. लष्करकरांनो, या माणसांना लॉजवर उतरू देऊ नका. घरी उतरवा.

न भेटता जडलेली माया खोटी असते, असं मी मुळीच म्हणणार नाही. पूर्वी पत्रांतून हेच होत होतं. १९६१ साली ग्वाल्हेरला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्षा कुसुमावती देशपांडे. संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच एक बाई बसली, ती आपल्या गावात. त्यांची आणि कवी अनिलांची पत्रं ‘कुसुमानिल’ या पुस्तकात आहेत. कागदावर माणूस किती मोकळा होतो ते त्यात बघावं. तेव्हा फोनवर लिहून झालेल्या ओळखीला कुणी हलकं लेखू नये.

आणि या भेटीही काही काल सुरू झालेल्या नाहीत. ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ १९९६ सालचं. त्याच्या सभासदांचा ‘वर्षाविहार’ पुण्या-मुंबईच्या आसपास पावसाळ्यात होत आला आहे. एकसारखे टी-शर्ट काढतात, त्यातून एखाद्या सामाजिक संस्थेला देणगीही देतात. पण त्यांना संध्याकाळी आपापल्या घरी परतता येतं. लष्करला येणाऱ्याला ते शक्य नाही. पुण्याहून झेलम एक्सप्रेस धरली तर जवळजवळ अख्खा दिवस गाडीत जातो. इतक्या लांबून येणाऱ्याला इथे रात्र काढावीच लागते. ही अडचण नाही, हाच आपला फायदा आहे. ती रात्र वाया घालवू नका, एवढंच मी सांगते आहे.

दुधाला विरजण लावतो ना, तसं हे आहे. गटावरच्या गप्पा म्हणजे दूध. चांगलं, सायीचं दूध. प्रत्यक्ष भेट म्हणजे विरजण, चमचाभर पुरतं. पण विरजण लावून लगेच कुणी दही पानात वाढत नाही. भांडं झाकून रात्रभर ठेवावं लागतं, आणि मुख्य म्हणजे ते हलवायचं नाही. आपल्याकडे डिसेंबरात भांडं घोंगडीत गुंडाळलं तरी सकाळपर्यंत दही लागेल की नाही, अशी धाकधूक असते. आता तेच भांडं विरजण लावून फ्रिजमध्ये ठेवलंत तर? दूधच राहील. लॉजची खोली म्हणजे तो फ्रिज. दार लावून जो तो पलंगावर पडतो आणि भिंतीपलीकडच्या माणसाला गटावरच लिहितो, ‘आज छान वाटलं.’ अहो, त्यासाठी इतका प्रवास कशाला केलात?

कार्यक्रमांचंही तेच. सकाळी किल्ला, दुपारी जयविलास महाल, संध्याकाळी हॉलमध्ये परिचय, सत्कार, अंताक्षरी, हाउजी. हे म्हणजे दही लागलं का ते दर तासाला चमचा घालून बघणं. किल्ला बघा, जरूर बघा. चतुर्भुज मंदिरातला शून्य कोरलेला शिलालेख बघा, नव्या बाजारात बेडई खा. पण एक अख्खी दुपार रिकामी सोडा. गटावर जे रोज लिहितात तेच हॉलमध्ये माइक धरतात. जी मंडळी गटावर नुसती वाचत असतात, कधी एक शब्द लिहीत नाहीत, ती हॉलमध्येही मागच्या खुर्चीवरच बसतात. त्यांचं तोंड उघडतं ते सकाळच्या चहाला, ओट्यापाशी उभं असताना. माझा जीव अडकतो तो या माणसांत. आपली मराठी हिंदीच्या वळणाची, म्हणून लिहायला संकोचणारे आपल्यात पुष्कळ आहेत. लिहिलं की पुण्याचं कुणीतरी शुद्धलेखन सुधारतं. घरात बोलताना कुणी कुणाचं सुधारत नाही, सगळे ऐकतात.

घरात राहून काय मिळतं, हे या गावाला मी सांगावं असं नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शोधत हिंडत ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींपाशी पोचले. गुरूजवळ राहून, सेवा करून शिकले. पुढे ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजली, तिचं मोठं श्रेय त्यांचं. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचेच शिष्य. समोर बसून घेतलेली तालीम वेगळी. गुरू अंघोळीला जाताना काय गुणगुणतो, कुठली जागा पुन्हापुन्हा घेतो, चिडतो कशावर, हे त्याच्या घरात राहिलं तरच कळतं.

आता थोडं रागावते. लष्करातल्या कितीतरी घरांत वरचा मजला बंद पडला आहे. मुलं बंगळुरूला, नाहीतर परदेशात. खोल्यांना कुलपं आहेत. आणि पाहुण्यांचं नाव काढलं की म्हणायचं, ‘घर दाखवण्यासारखं नाही राहिलं हो. पोपडे निघालेत, जिना उंच आहे, न्हाणीघर जुनं.’ अहो, १८१०मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, त्या तंबूंतून हे शहर उभं राहिलं. आपले पूर्वज इथे आले तेव्हा त्यांना काय फरशीच्या खोल्या मिळाल्या होत्या? येणाऱ्याला तुमचे पोपडे बघायचे नाहीत. त्याला आजीची खिडकी बघायची आहे. कुलूप काढा, खोली झाडा, एक बल्ब लावा. बस.

पाहुण्यांनाही सांगते. ‘तुम्हाला त्रास नको’ म्हणून परस्पर बुकिंग करून येऊ नका. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, थंडीत १९०५पासूनचा ग्वाल्हेरचा मेळाही असतो, तेव्हा शहरात गर्दी होते. तेव्हा तरी घरी उतराच. आणि सतरंजी उचलायला हात लावा. कारण ‘घरी उतरवा’ म्हणताना ओझं कुणावर पडतं, ते मला ठाऊक आहे. पुरुष ओसरीवर बसून पानिपतापासून सुरुवात करणार आणि वहिनी पोळ्या लाटत राहणार, असं असेल तर लॉज परवडला. जेवण बाहेरून मागवा, चहा पुरुषांनी करावा, पाहुण्यांनी भांडी विसळावी. दही लागायचं ते घरातल्या बाईच्याही वाटणीचं लागलं पाहिजे. तीही त्या गटात आहे, बहुतेक न लिहिणाऱ्यांत.

एकट्या येणाऱ्या मुलींबद्दलही बोलायला हवं. फोटोवरून ओळखीच्या झालेल्या घरी एकदम राहायचं, याची त्यांना काळजी वाटणं रास्त आहे. पहिली भेट बाड्याच्या चौकात, दिवसाढवळ्या, चार जणांत व्हावी. घरात बायका कोण कोण आहेत ते यजमानांनी आधी सांगावं, त्यातल्या एखादीने स्वतः फोन करावा.

झेलमने येणाऱ्यांसाठी एवढंच. गाडीत भरपेट जेवून येऊ नका, घरी ताट झाकून ठेवलेलं असेल.