तान्ह्या बाळाची गुळणी आणि वजनाची नोंद

अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायूंची झडप पहिल्या काही महिन्यांत वारंवार सैल पडते आणि बाळ बहुतेक वेळ आडवेच असते, त्यामुळे प्यायलेले दूध सहज वर येऊन गुळणी होते. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे प्रमाण सर्वाधिक असते व बहुतेक बाळांत वर्षाच्या आत ते आपोआप थांबते. म्हणून किती दूध बाहेर आले यापेक्षा बाळ वाढते आहे की नाही, हा तपासणीतला पहिला प्रश्न होय. पहिल्या तीन महिन्यांत वजन दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढावे. ते वाढत असेल आणि बाळ खेळकर असेल, तर आम्लता कमी करणारे औषध देण्यात अर्थ नाही. त्याने आम्ल घटते, दुधाचे वर येणे थांबत नाही.

वजन वाढत नसेल, तर आईला समोर बसवून एक पाजणे आरंभापासून अखेरपर्यंत पाहावे. बाळ केवळ बोंडी चोखते की भोवतालच्या काळ्या भागासह स्तन तोंडात धरते, गिळताना ठसकते का, चोखताना घामाघूम होऊन थकते का, हे पाहिल्याने जे कळते ते अनेकदा महागड्या तपासणीनेही कळत नाही. थकवा व घाम यांमागे हृदयाचा विकारही असू शकतो.

मात्र एकच वजन वाढीविषयी काही सांगत नाही. आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन नोंद करते. परंतु पेण व रोहा तालुक्यांतील कातकरी वाड्यांवरील कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि नेमक्या याच वयात नोंदींची साखळी तुटते. माता-बाल संरक्षण कार्ड आईसोबत भट्टीवर गेले पाहिजे आणि तेथील आशेनेही त्याच कार्डावर वजन लिहिले पाहिजे, हा आग्रह आरोग्ययंत्रणेने धरणे अत्यंत निकडीचे आहे.

काही लक्षणांत वजनाची वाट पाहू नये. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दूध प्रत्येक वेळी पिचकारीसारखे उडून पडत असेल आणि लगेच बाळ पुन्हा भुकेने रडत असेल, तर जठराचे पुढचे तोंड आवळलेले असण्याचा संभव असतो. सोनोग्राफीने निदान होते आणि शस्त्रक्रियेने ते बरे होते. उलटी हिरवी असेल, तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. मग बाळाला घरी न ठेवता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, बालशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच तासात रवाना करावे.