आमच्याकडे उघडतं, तुमच्याकडे का नाही?

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही राज्य सरकारच्या एका कार्यालयातल्या संगणक कक्षातली तीन माणसं, तिघेही पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले. लोकांनी भरायचे अर्ज संकेतस्थळावर तयार करणं हे आमचं काम. आजच्या विषयाचं नाव म्हणजे आम्हाला फोनवर रोज विचारला जाणारा प्रश्न आहे.

संकेतस्थळ म्हणजे तयार चित्र नसतं, त्या लेखी सूचना असतात. इथे मथळा, इथे रकाना, इथे बटण. त्या वाचून पान उभं करतो तो ब्राउझर: क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज. आरतीचे शब्द एकच, पण घरोघरी चाल निराळी, तसंच हे. शब्द सगळ्यांचे सारखे असावेत म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली डब्ल्यूथ्रीसी ही संस्था काढली. चाली मात्र ज्याच्या त्याच्या राहिल्या.

इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली आली आणि सातवी थेट २००६ साली. मधली पाच वर्षं बहुतेकांकडे तेवढंच होतं, म्हणून संकेतस्थळंही तेवढ्यापुरतीच बनली. काही ठिकाणी पान उघडण्याआधी तपासणीच व्हायची, तुमचा ब्राउझर कोणता? नावडता असेल तर दारातूनच परत. गंमत अशी की ब्राउझर स्वतःचं नाव खरं सांगतच नाहीत! परत पाठवू नये म्हणून प्रत्येकाने आधीच्याचं नाव आपल्या नावाला जोडलं. आजचा क्रोमसुद्धा ओळख देताना स्वतःला 'मोझिला' म्हणवतो, वर 'सफारी'ही. अशा नावावर विसंबून कुणाला आत घ्यायचं ते ठरवणं आम्हाला पटत नाही. हवी ती सोय त्या ब्राउझरमध्ये आहे का, एवढंच पाहावं. नसेल तर साधा मार्ग द्यावा. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला निरोप दिला, पण त्याच्यापुरती बनवलेली कामं इतकी उरली होती की एजमध्ये त्याच्यासाठी वेगळी सोय ठेवावी लागली.

आपल्या भाषेने तर हे फार सोसलं आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी संकेतस्थळं स्वतःचा फाँट वापरत. आत अक्षरं इंग्रजीचीच, वर देवनागरीचा मुखवटा. एका ब्राउझरमध्ये सुरेख बातमी, दुसऱ्यात नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडने ते संपवलं, पण दोन खोड्या अजून आहेत. इंग्रजी मथळ्यात शोभा म्हणून अक्षरांमध्ये अंतर टाकतात. तेच मराठीला केलं की शिरोरेघ तुटते. दुसरी, चौकटीची उंची ठरावीक ठेवली की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. एका ब्राउझरमध्ये दिसतो, दुसऱ्यात नाही. आडनावात रफार असलेल्यांनी आपलं नाव छापून आलेलं पाहावं! आम्ही चौकटीला उंची देतच नाही, मजकुराप्रमाणे ती वाढू देतो.

आता तारखेचा रकाना घ्या. क्रोममध्ये बोट ठेवलं की कॅलेंडर उघडतं. मॅकवरच्या सफारीत ही सोय २०२१ साली आली. त्याआधी तिथे नुसता मोकळा रकाना दिसायचा. माणूस त्यात आपल्या सवयीने ५-९-७८ लिहिणार आणि अर्ज म्हणणार, "चुकीची तारीख". त्या माणसाची काय चूक? जन्मतारखेला आम्ही तीन साधे रकाने ठेवतो, दिवस, महिना, वर्ष, आणि खाली नमुना. दिसायला जुनाट आहे. साहेबही तसं म्हणाले. पण जन्मतारखेसाठी कॅलेंडरमध्ये पन्नास वर्षं मागे जाणं हीसुद्धा शिक्षाच आहे.

आणखी एक सांगायचं म्हणजे, आपल्याकडे आयफोनवर क्रोम घेतलं तरी आतलं इंजिन सफारीचंच असतं. त्यामुळे "क्रोमवर तपासलं" एवढ्याने भागत नाही. आम्ही प्रत्येक अर्ज चार ठिकाणी भरून पाहतो: कार्यालयातला जुना संगणक, फायरफॉक्स, कुणाचा तरी आयफोन आणि शिपाईदादांचा काच तडकलेला अँड्रॉइड. सगळ्यात जास्त अडचणी त्या शेवटच्या फोनवर सापडतात. सगळी सजावट बंद करूनही नाव लिहिता येतं का, कागद जोडता येतो का, बटण दाबलं जातं का, एवढं आधी पाहतो. रंगरंगोटी मागाहून.

हा खटाटोप कुणासाठी? तालुक्याच्या गावातली मुलगी वडिलांच्या फोनवरून शिष्यवृत्तीचा अर्ज भरत असते. शेवटचा दिवस असतो. 'जमा करा' हे बटण तिच्या पडद्याच्या बाहेर गेलेलं असतं. मग ती कियोस्कवर जाते, पैसे मोजते आणि रांगेत उभी राहते. संध्याकाळपर्यंत नंबर लागला नाही, तर वर्ष गेलं. आमच्या नोंदीत मात्र एवढंच दिसतं की तिने अर्ज केला नाही.

बोलण्यापेक्षा पाहिलेलं बरं. रविवारी आरतीनंतर आम्ही तिघे मंडळाच्या कार्यालयात बसणार आहोत. मंडळाच्या स्पर्धांचा अर्ज आहे, तो आपापल्या फोनवर उघडून पाहू. जितका जुना फोन आणाल तितकं चांगलं. चार्जर मात्र घेऊन या, तिथे एकच प्लग आहे.