गाभा, जोडभाग आणि मेळाचे काम



संगणकाच्या पोटातील खटपटीशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे, त्यांतली कितीतरी बिनपगारी, एक काम तडीस कसे नेतात हे पाहणे कोणत्याही गावाला उपयोगाचे आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा कर्नेल, म्हणजे गाभा, प्रसिद्ध केला. यंत्राच्या सर्व अवयवांवर राज्य करणारा हा भाग. पण नुसत्या गाभ्याने कोणाचे भागत नाही. म्हणून त्याच्या जोडीला हजारो प्रोग्राम नीट बांधून देणारे संच निघाले; त्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात, आणि एकेका गाठोड्याला पॅकेज. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेले डेबियन हे त्यांतले एक. ते आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालते.

आता मॉड्यूल. गरज पडेल तेव्हा गाभ्याला जोडायचा हा सुटा भाग. तो जोडला की त्याला गाभ्याचेच सर्व अधिकार मिळतात. म्हणून चुकीचा भाग आत शिरला तर सारे यंत्र कोसळू शकते. नट-बोल्टचे आटे जुळावे लागतात, तसेच येथे. मॉड्यूल कोणत्या कर्नेलसाठी घडले याची खूण त्यावर असते, आणि ती जुळली नाही तर कर्नेल त्याला दारातूनच परत पाठवतो.

मग हे आटे कायमचे एकच का ठेवत नाहीत? कर्नेलचे कर्ते म्हणतात, बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेले वचन आम्ही पाळू. पण घरातली रचना बदलण्याची मोकळीक आम्हांला हवी, नाहीतर जुन्या चुका दुरुस्त कशा व्हायच्या? तुमचे मॉड्यूल आमच्याच घरात आणा, म्हणजे आम्ही बदल करताना त्यालाही सांभाळून घेऊ. सल्ला रास्त आहे. पण सर्वांना तो मानवत नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेल्या झेडएफएस या फाइल-व्यवस्थेचा परवाना कर्नेलच्या परवान्याशी जुळत नाही, असे बहुतेकांचे मत आहे. म्हणून ती बाहेरच राहिली.

खरा पेच येथे आहे. कर्नेलमध्ये सुरक्षेचे भोक सापडले आणि ते बुजवताना आटे बदलले, तर बाहेरची सारी मॉड्यूले पुन्हा घडवावी लागतात. कर्नेल सांभाळणारे निराळे, मॉड्यूल सांभाळणारे निराळे. दुरुस्ती लगेच द्यावी, तर कोणाचे नेटवर्क बंद पडते. सर्वांसाठी थांबावे, तर भोक उघडे राहते!

यावर तीन उपाय निघाले. पहिला डेबियनचा. आट्यांची खूण पॅकेजच्या नावातच घालायची: २०२३ साली निघालेल्या डेबियन १२ मधील ‘६.१.०-१८’ या नावातला १८ हा आकडा तशा खुणेचा. त्यामुळे जुना व नवा कर्नेल शेजारी शेजारी नांदतात. नव्याने दगा दिला तर जुन्यावर परतता येते. दुसरा उपाय रेड हॅटचा. त्यांच्या व्यावसायिक संचात निवडक आटे ठरावीक आवृत्तीपुरते न बदलण्याची हमी असते. तिचे ओझे दुरुस्ती करणाऱ्यांवर पडते. तिसरा उपाय डेल कंपनीतून २००३ साली निघालेला डीकेएमएस. यात मॉड्यूलचा मूळ मजकूर वापरणाऱ्याच्या यंत्रावर ठेवतात, आणि नवा कर्नेल आला की तेथेच ते पुन्हा घडते. सोय मोठी, पण घडताना बिघडले, तर ते निस्तरायचे वापरणाऱ्याने.

सारांश, आटे जुळवण्याचे काम कोणत्याही उपायाने नाहीसे होत नाही. ते कोणाच्या माथी पडते, एवढेच बदलते. माझ्या मते जाणत्यांनी ते एकदा, एका जागी करावे, हे बरे. तेच काम घरोघरी हजारांना करावे लागू नये. जेथे ते शक्य नसेल तेथे निदान खूण अशी ठळक असावी की, नवख्यालाही आपले काय अडले ते कळावे. ज्याला हे काम नेमून दिले त्याचे नाव कोणी घेत नाही. पण यंत्र सकाळी बिनतक्रार सुरू होते ते त्याच्यामुळे.