दिवा लागला, पण बोलणं झालं का?



डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजवाला म्हणतो, "स्कॅन करावं लागेल", आणि स्कॅनचे वेगळे पैसे सांगतो. मग घरातलं कुणीतरी ऑनलाइन शोधून गाडीचे दोष फोनवर दाखवणारा चार-पाचशे रुपयांचा ओबीडी अडॅप्टर मागवतं. तो स्टिअरिंगखालच्या सोळा टाचण्यांच्या सॉकेटमध्ये बसतो, त्याच्यावरचा लाल दिवा लागतो, फोनवर ॲप उघडतं आणि ते नुसतं फिरत राहतं. कनेक्ट होत नाही. त्यानंतरचा कार्यक्रम ठरलेला: ॲप काढायचं, दुसरं टाकायचं, अडॅप्टर उपटायचा, परत खुपसायचा, आणि शेवटी "चायनाचा माल" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकायचा.

असं सांगत जो कुणी येतो त्याला मी एकच विचारतो. कुणाचं कुणाशी जुळलं नाही? फोनचं अडॅप्टरशी, की अडॅप्टरचं गाडीशी? यावर समोरचा माझ्याकडे बघत राहतो. "अहो, दिवा लागलाय ना!" दिवा लागलाय, मान्य. त्या दिव्यानेच निम्मा घोळ केलाय.

आपल्याकडे लग्न जुळवणारे मध्यस्थ असतात. फोन मुलाकडचा समजा आणि गाडी मुलीकडची. अडॅप्टर हा मध्यस्थ. तो मुलीच्या घरी जाऊन सोफ्यावर बसतो, आणि आल्याबरोबर त्याच्या हातात पोह्यांची बशी येते. पोहे मिळाले म्हणजे बोलणी झाली का? घरचं कर्तं माणूस अजून आत झोपलेलं आहे! अडॅप्टरचे पोहे म्हणजे बॅटरीचे बारा व्होल्ट. सॉकेटच्या सोळा नंबरच्या टाचणीला ते थेट येतात, गाडी बंद असली तरी. म्हणून दिवा लागतो. आणि कर्तं माणूस म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ईसीयू. त्याला किल्ली 'ऑन'वर आल्याशिवाय जाग येत नाही.

तेव्हा किल्ली पूर्ण 'ऑन' करा. बटणवाली गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबायचं, आणि बहुतेक गाड्यांत ते दोनदा दाबावं लागतं. एकदा दाबलं की रेडिओ सुरू होतो आणि मंडळी तिथेच थांबतात. गाडीत रेडिओ लागला याचा मला आनंदच आहे, माझं भाषण तेवढंच ऐकलं जाईल. पण रेडिओने ईसीयू उठत नाही. डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे लागले पाहिजेत.

अडॅप्टरवर दिवाच नसेल तर मध्यस्थाला पोहेसुद्धा मिळालेले नाहीत. अशा वेळी फ्यूज बघा. पुष्कळ गाड्यांत या सॉकेटचा आणि चार्जरच्या सॉकेटचा फ्यूज एकच असतो. चार्जरच्या भोकात नाणं पडलं की तो उडतो, आणि महिनाभर कुणाला पत्ता नसतो.

आता मुलाकडची बाजू. साधा ब्लूटूथ अडॅप्टर असेल तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये तो आधी पेअर करायचा. पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. पण पेअर झाला म्हणजे ॲपला कळलं असं नाही. ॲपमध्ये जाऊन तोच अडॅप्टर पुन्हा निवडावा लागतो. अडॅप्टर ब्लूटूथ लो एनर्जीचा असेल तर उलट: सेटिंगमध्ये हात लावू नका, ॲपमधूनच शोधा. ॲपला लोकेशनची किंवा जवळच्या डिव्हाइसेसची परवानगी नाकारली असेल तर काही दिसणारच नाही. आयफोनवाल्यांनी साध्या ब्लूटूथचा अडॅप्टर घेऊच नये. त्यांना लो एनर्जीचा किंवा वायफायचा लागतो. वायफायवर मोबाइल डेटा बंद करा, कारण त्या वायफायला इंटरनेट नसतं आणि फोन गुपचूप डेटाकडे वळतो. ॲपमध्ये पत्ता १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० टाकायचा, बहुतेकांत हेच असतं. आणि दोन ॲप एकाच वेळी उघडी ठेवू नका. मध्यस्थ एका वेळी एकाच मुलाचं बोलणं नेतो.

आता मी पुन्हा त्याच मुद्द्यावर येतो, कारण इथेच लोक चुकतात. कुठली जोडणी तुटली हे अंदाजाने ठरवू नका, विचारून घ्या. टर्मिनलचं साधं ॲप टाका आणि एटी-झेड ही आज्ञा पाठवा. उत्तरात 'ईएलएम ३२७' असं नाव आलं तर फोन आणि अडॅप्टर यांचं ठीक आहे, ब्लूटूथच्या मागे लागू नका. मग ०१०० पाठवा. उत्तर ४१ ०० ने सुरू झालं तर गाडी बोलली. 'अनेबल टू कनेक्ट' आलं तर दोष पलीकडे, गाडीच्या बाजूला. तिथे पुन्हा पहिला प्रश्न किल्लीचा! दुसरा, अडॅप्टर घट्ट बसलाय का? बॅटरीच्या टाचण्या टेकल्या आणि संदेश नेणाऱ्या 'कॅन' वाहिनीच्या सहा आणि चौदा नंबरच्या सैल राहिल्या, तर दिवा झकास लागतो आणि संवाद शून्य.

हे नाव सांगण्याबद्दलही थोडं. ईएलएम ३२७ ही मुळात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची चिप. पहिल्या आवृत्तीतल्या प्रोग्रॅमला कॉपीपासून संरक्षण नव्हतं, तो उचलला गेला आणि जगभर नकला झाल्या. बऱ्याच नकलांवर '१.५' छापलेलं असतं. मूळ कंपनीने १.५ कधी काढलीच नाही! मध्यस्थ स्वतःबद्दल जे सांगतो ते किती धरायचं, ते तुम्हाला माहीत आहे. छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. नवीन गाड्यांवर यातले बरेच अडॅप्टर काम करतात.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२ सक्तीचं झालं १ एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट अगदी तसंच, सोळा टाचण्यांचं, पण भाषा कंपनीची खासगी. तिथे मध्यस्थाचा दोष नाही. आणखी काही गाड्या के-लाइन नावाच्या जुन्या वाहिनीवर बोलतात. त्यांतल्या जुन्या पद्धतीत ईसीयूला उठवायची हाकच दोन सेकंद चालते, इतकी ती सावकाश असते. तेवढा धीर धरा. ॲपमध्ये प्रोटोकॉल 'ऑटो'वर असेल तर हाताने आयएसओ ९१४१ किंवा केडब्ल्यूपी निवडून बघा. काही नकला के-लाइन नीट बोलत नाहीत, हेही... तो भाग मोठा आहे, आज राहू दे. स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात दाखवतायत.

गाडीने नोंदवलेले दोषाचे कोड पुसण्याबद्दल मला बरंच बोलायचं होतं. निदान एवढं ऐका: कनेक्ट झालं की आनंदाच्या भरात लगेच 'क्लिअर' दाबू नका. आधी कोड कागदावर लिहा. पुसताना दोषाच्या क्षणाची नोंद, म्हणजे तेव्हा वेग किती, इंजिनचे फेरे किती, तापमान किती, ही माहितीही जाते, आणि मेकॅनिकला नेमकी तीच हवी असते. ती नोंद कशी वाचायची ते पुढच्या वेळी, वेळ दिला तर.