उघडलेले झाकण आणि स्थिर हात



विमानावर व्याख्यान म्हटले की श्रोते मोठमोठ्या गोष्टींची अपेक्षा करतात. मी मात्र आज एका बोटभर खिटीविषयी बोलणार आहे. पुष्कळशा लहान विमानांत वैमानिकाच्या डोक्यावर एक पारदर्शक झाकण असते. वैमानिक त्याला कॅनपी म्हणतात. आपण झाकणच म्हणू. कोठे ते मागे सरकते, कोठे पेटीच्या झाकणासारखे वर उचलले जाते, कोठे खिडकीच्या झडपेसारखे एका कुशीला उघडते. उड्डाणापूर्वी ते मिटून खिटी लावायची असते. ती नीट बसली नाही आणि झाकण हवेतच उघडले, तर वैमानिकाने काय करावे?

हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतच आपल्या उजळाईवाडीला विमानतळ झाला. आज बारामतीला आणि धुळ्याला तरुण मुले-मुली लहान विमानांवर उड्डाण शिकत आहेत. उद्या त्यांत आपल्या पेठांतलीही असतील.

पहिली शंका अशी, की झाकण उघडले म्हणजे विमान खाली पडते काय? इतिहास सांगतो, की तसे काही नाही. जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला तो १० फेब्रुवारी १९२९ रोजी. पुढच्याच वर्षी आगाखानांच्या बक्षिसासाठी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामधले अंतर एकट्याने कापण्याची शर्यत झाली. तीत ते आणि विजयी ठरलेले अ‍ॅस्पी एंजिनीयर दोघेही जिप्सी मॉथ विमानातून उडाले. त्या विमानाला झाकण नव्हतेच! डोळ्यांवर चष्मा, डोक्याला चामडी टोपी आणि तोंडावर वारा, अशा थाटात माणसे समुद्र आणि वाळवंटे ओलांडीत. विमान तरते ते पंखांच्या आधाराने, झाकणाच्या नव्हे.

मग धोका कशात आहे? तो समजण्यासाठी थोडे हवेचे गणित पाहू. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी हवा समोरच्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ४८ किलो वजनाइतका दाब देते. वेग दुप्पट केला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे ताशी २०० किलोमीटरला तो १९० किलोंच्याही वर जातो. शिवाय फुगीर झाकणावरून हवा धावते तेव्हा तिथला दाब कमी होतो आणि झाकण वर ओढले जाते. वळिवाच्या वाऱ्यात छपराचे पत्रे उडतात, त्यामागेही मुख्यतः हीच ओढ असते. म्हणून सैल खिटी जमिनीवर गप्प बसते आणि नेमकी वेग वाढताना, म्हणजे धावपट्टी सोडण्याच्या सुमारास, दगा देते.

त्या क्षणी काय होते याची कल्पना करा. तोफेसारखा धडाका, कानठळ्या बसवणारा वारा, नकाशे आणि कागद उडालेले, डोळ्यांत पाणी, रेडिओवरचे बोलणे ऐकू येईनासे झालेले. वैमानिकाचा हात आपोआप झाकणाकडे जातो. खरी गफलत होते ती इथेच.

आपल्या ओळखीचे उदाहरण देतो. गगनबावड्याच्या घाटात मोटार चालली आहे आणि पलीकडचे दार नीट लागलेले नाही, ते खडखडू लागले. ड्रायव्हर एका हाताने चाक धरून आडवा होतो आणि दार ओढायला जातो. दारामुळे मोटार दरीत जाणार नव्हती. ती जाईल तर त्या आडव्या होण्याने जाईल. विमानातही तेच. जमीन जवळ असते, वेग थोडा असतो. झाकणाशी झटापट करताना विमानाचे नाक वर गेले आणि वेग उतरला, तर पंखांचा आधार सुटतो. तेवढ्या उंचीवरून सावरायला जागा नसते.

कोल्हापूरकरांना हे तालमीच्या भाषेत अधिक लवकर पटेल. शड्डूचा आवाज मोठा असतो, पण शड्डूने कोणी चीत होत नाही. आवाजाला बिचकून पवित्रा सोडला, तर मात्र पाठ लागायला वेळ लागत नाही.

म्हणून जाणत्यांनी घालून दिलेला क्रम असा आहे. पुढे थांबण्यापुरती धावपट्टी शिल्लक असताना झाकण उघडले, तर उड्डाण सोडून थांबावे. चाके उचलली गेली आणि पुढे जागा नाही, तर झाकणाकडे लक्ष न देता विमान सरळ आणि स्थिर ठेवून नेहमीच्या उंचीवर न्यावे. मग वेग बेताचा करावा, म्हणजे झाकणावरची ओढ कमी होते. पण उघड्या झाकणाने हवेचा अडथळा वाढतो, म्हणून वेग फार उतरू देऊ नये आणि इंजिनाचा जोर हाताशी ठेवावा. कमरेचा पट्टा सोडू नये. नेहमीसारखा फेरा घ्यावा आणि नेहमीसारखेच उतरावे. घाईने आखूड वळण घेऊ नये. झाकणांचे प्रकार निरनिराळे असल्यामुळे त्या त्या विमानाच्या पुस्तिकेत काय सांगितले आहे, ते जमिनीवर असतानाच वाचून ठेवावे. झाकण तुटून शेपटीवर आदळण्याचाही संभव असतो, तेव्हा शेपटीचे सुकाणू पूर्वीसारखे चालते की नाही, हे हळुवार हाताने अजमावावे.

हे बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात कसे असते, हे नारीन मेल्कुम्यान या डच वैमानिक बाईंच्या अनुभवावरून कळेल. त्या कसरतीच्या उड्डाणांचे शिक्षण घेत होत्या. विमान एक्स्ट्रा ३३० जातीचे. हवेत असताना झाकण उघडले आणि फुटले. डोळ्यांवर चष्मा नव्हता. दिसणे कठीण, श्वास घेणे कठीण, अडथळ्यामुळे विमानाचा जोर राखणेही कठीण. त्या गोंगाटातून रेडिओवर शिक्षकाचा आवाज आला, की उडवीत राहा. आखाड्याच्या कडेला उभा असलेला वस्ताद याहून वेगळे काय सांगतो? बाईंनी विमान उडवीत ठेवले आणि सुखरूप उतरवले. दृष्टी पुरती निवळायला २८ तासांच्या जवळपास लागले.

त्यांचे धैर्य मोठे खरे. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. या प्रसंगाचे चित्रण त्यांनी सुमारे दोन वर्षांनी, २०२४ साली, आपण होऊन जगापुढे ठेवले. सोबत स्वच्छ सांगितले, की खिटी मुळात बसलीच नव्हती, उड्डाणापूर्वी ती आपण डोळ्यांनी नीट पाहिली नाही आणि चष्मा घालायला हवा होता. स्वतःची चूक झाकून ठेवणे सोपे असते. ती उघडी केल्याने किती अनोळखी वैमानिकांच्या खिट्या नीट लागल्या असतील, याची मोजदाद कोण करणार?

मुख्य बोध दोनच आहेत. पहिला उड्डाणापूर्वीचा. खिटी लावली असे वाटणे वेगळे आणि ती बसली हे पाहणे वेगळे. डोळ्यांनी पाहावी, हाताने झाकण वर ढकलून पाहावे. रोजच्या सवयीचे काम हात करतो आणि मन भलतीकडे असते; म्हणून तर वैमानिक तपासणीची यादी पाठ असूनही दरवेळी वाचतो. यात कमीपणा नाही. शहाणपण आहे ते यातच.

दुसरा बोध उड्डाणानंतरचा. चूक होऊन गेली आणि झाकण उघडले, तर त्या चुकीची दुरुस्ती हवेत करीत बसू नये. आधी विमान उडवावे. खिटी जमिनीवर लावता येते, पण तिथवर विमान आणायचे असते, आणि त्यासाठी दोन्ही हात नि सारे चित्त लागते.